दर्या एक, मासळीची गावे अनेक
(किनारपट्टीवरील शेतकरी व मच्छीमार मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून येथे भाताचे बियाणे, आंब्यावरील तुडतुडे आणि काजूची कलमे यांविषयी आपण बरेच ऐकले. माझ्या वाट्याला मासळी आली आहे. पण मीही बियाण्याबद्दलच बोलणार आहे. समुद्रात कोणी बी पेरत नाही, नांगर धरत नाही. तरीसुद्धा तेथे वाण आहेत, हंगाम आहेत, आणि एका वावरातले बी दुसऱ्या वावरात नेले तर साधत नाही, हा शेतीतला अनुभव तेथेही लागू पडतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांना उशिरा कळली. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती अजून पटत नाही.

काही वर्षांपूर्वी एका बंदरावर पापलेटची आवक पाहत उभा होतो. टोपल्या निम्म्या भरलेल्या आणि त्यातला बराचसा माल तळहाताएवढा. शेजारी एक वयस्क तांडेल जाळे विणत बसले होते. मी म्हणालो, "काका, एवढीशी पिल्ले धरलीत तर पुढच्या साली काय धरणार?" ते हसून म्हणाले, "मास्तर, मावरा कुठं जात नाय. दर्या मोठा हाय. येल परत."

काकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. युरोपातील विद्वानसुद्धा अठराव्या शतकात असेच मानत होते. उत्तर अटलांटिक समुद्रात हेरिंग नावाचा मासा मिळतो. आपल्या तारलीच्या कुळातला, तसाच थव्याने फिरणारा. हॅम्बुर्ग शहराच्या एका नगराध्यक्षांनी १७४६ साली छापलेल्या ग्रंथात असे मांडले की, हेरिंगचे एकच प्रचंड सैन्य उत्तर ध्रुवाच्या बर्फाखाली राहते आणि दरसाल तेथून निघून निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांना भेट देते. म्हणजे या किनाऱ्याने कितीही उपसा केला तरी ध्रुवाकडची कोठार भरलेलीच. जर्मनीच्या फ्रीडरिश हाइन्के यांनी १८९८ साली ही समजूत मोडली. हजारो हेरिंग घेऊन त्यांनी त्यांच्या कण्याचे मणके मोजले, डोक्याची आणि परांची मापे घेतली आणि दाखवून दिले की प्रत्येक भागातील हेरिंगची ठेवण वेगळी आहे. तो मासा ध्रुवाकडून येत नाही, आपापल्या भागातच वाढतो आणि तेथेच अंडी घालतो.

उदाहरणे मी अटलांटिकमधली देणार आहे याचे कारण सांगतो. तेथे मासेमारीच्या नोंदी शंभर वर्षांहून जुन्या आहेत, माशांची खवले आणि हाडे जपून ठेवलेली आहेत. चूक कुठे झाली आणि तिचे काय फळ मिळाले हे तेथे नोंदींवरून दाखवता येते. शेवटी आपण आपल्या पापलेटकडे येणारच आहोत.

सुना आणि ओस गाव

प्रत्येक जिवाच्या पेशीत वडिलोपार्जित मजकूर असतो. त्याला डी.एन.ए. म्हणतात. चार अक्षरांत लिहिलेला हा मजकूर निम्मा आईकडून आणि निम्मा बापाकडून येतो. हेरिंगच्या मजकुरात सुमारे ८५ कोटी अक्षरे आहेत. दोन ठिकाणच्या माशांचा मजकूर ताडून पाहिला की त्यांचे रक्त किती काळ वेगळे राहिले आहे ते समजते.

आता येथे एक गफलत होते आणि ती जाणकारांकडूनही झालेली आहे. समुद्रातील मासा एका वेळी लाखांनी अंडी घालतो. अंडी, पिल्ले प्रवाहाबरोबर वाहतात, मोठे मासे पोहत जातात. त्यामुळे दोन थव्यांमध्ये थोडीफार देवाणघेवाण चालूच राहते. आपल्याकडच्या सोयरिकीसारखे समजा. दर पिढीला शेजारच्या गावातून दोन-चार सुना आल्या, तरी काही पिढ्यांत दोन्ही गावांचे रक्त मिसळून जाते आणि तपासणाऱ्याला फरक सापडत नाही. पण तेच गाव पटकीने ओस पडले, तर दर पिढीच्या त्या दोन-चार सुनांनी गाव पुन्हा वसेल का? मिसळण्यासाठी थोडे पुरतात. वसवण्यासाठी पुष्कळ लागतात.

म्हणून डी.एन.ए.मध्ये फरक दिसला नाही एवढ्यावरून "साठा एकच आहे, कुठूनही भरून येईल" असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. फरक दिसला तर मात्र गावे वेगळी आहेत हे नक्की समजावे.

हेरिंगच्या बाबतीत हेच घडले. स्वीडनचे लेफ अँडरसन यांनी सहकाऱ्यांसह १९८१ साली निरनिराळ्या ठिकाणच्या आणि निरनिराळ्या हंगामात अंडी घालणाऱ्या हेरिंगची तपासणी प्रसिद्ध केली. तेव्हा मोजकीच प्रथिने तपासता येत. फरक जवळजवळ सापडला नाही. पुढे संपूर्ण मजकूर वाचण्याची यंत्रे आली आणि त्याच अँडरसन यांच्या गटाने २०१६ साली हेरिंगचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. २०२० साली ५३ ठिकाणचे नमुने ताडून पाहिले. आढळले असे की, बहुतेक सगळा मजकूर खरोखरच सारखा आहे, पण शेकडो ठिकाणी तो ठळकपणे वेगळा आहे. सातबाराचा उतारा घ्या. छापील नमुना सगळ्या महाराष्ट्रात एकच. तो पाहणारा म्हणेल की सगळ्या जमिनी सारख्या. पण नाव, क्षेत्र आणि पिकाचे रकाने वाचा म्हणजे कोणाची जमीन कोणती ते कळते. १९८१ साली छापील भाग वाचला गेला होता, इतकेच. आपल्याच जुन्या निष्कर्षाला पुढे स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

या वेगळ्या रकान्यांत काय लिहिले होते ते शेतकऱ्यांना ऐकायला आवडेल. काही हेरिंग वसंतात अंडी घालतात, काही शरदात. दोन्ही एकाच पाण्यात फिरतात, एकाच जाळ्यात येतात, ओळीने मांडले तर फरक सांगता येत नाही. पण दिवसाची लांबी ओळखून प्रजननाची वेळ ठरविणाऱ्या कामाशी संबंधित असे एक जनुक दोघांत वेगवेगळ्या प्रकारचे आहे. घाटावरच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. खरीप ज्वारी आणि रब्बीची मालदांडी, दोन्ही ज्वारीच. मालदांडी खरिपात पेरून पाहा म्हणजे कळेल. कोकणातले जुने गरवे भातही दिवस लहान होऊ लागल्याशिवाय पोटरीत येत नसे. गंमत म्हणजे हेच जनुक पाळीव कोंबडीत रानकोंबडीपेक्षा बदललेले आढळते आणि घरची कोंबडी वर्षभर अंडी देते त्यामागे त्याचा हात असावा असा अंदाज आहे. कुक्कुटपालन करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा फरक पाण्याचा. बाल्टिक हा युरोपातला अर्धवट गोडा समुद्र आहे. अटलांटिकच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तर बाल्टिकच्या आतल्या टोकाला दोन-तीन ग्रॅमच. तेथील हेरिंग लहान चणीचा, पण त्या निमखाऱ्या पाण्यात सुखाने अंडी घालतो. बाल्टिकचे पाणी गढूळ असल्याने आत लालसर उजेड पोहोचतो. तेथील हेरिंगच्या डोळ्यातील उजेड टिपणाऱ्या प्रथिनात एका जागी एकच घटक बदललेला आहे आणि त्यामुळे त्याला लालसर उजेडात बरे दिसते, असे २०१९ साली दाखविण्यात आले. खारवट जमिनीत तग धरणारे आपल्या खाजणातले भात आठवा. असा वाण एकदा नष्ट झाला तर शेजारच्या गोड्या जमिनीतले बी आणून तेथे काय उगवणार?

कॉडची हकीकत

हेरिंगची गोष्ट ऐकायला गोड आहे. कॉडची तशी नाही.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंड हे बेट आहे. तेथील कॉड माशावर चारशे-पाचशे वर्षे युरोपातील लोक जगले. सुकवलेला आणि खारवलेला कॉड हा तेथला मोठा व्यापार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी कारखानावजा ट्रॉलर आले, रात्रंदिवस खेचू लागले. १९६८ साली उत्तरेकडील या एका साठ्यातून सुमारे आठ लाख टन मासा काढला गेला. १९७७ साली कॅनडाने दोनशे मैलांची हद्द घालून परक्यांना बाहेर काढले, पण नंतर स्वतःच्या बोटी वाढवल्या. किनाऱ्यावरचे लहान मच्छीमार सांगत होते की मासा लहान येतो आहे, खाडीत येईनासा झाला आहे. मोठ्या ट्रॉलरना मात्र चांगली आवक मिळत होती, कारण उरलेला मासा थोड्या जागी गोळा होत होता आणि यंत्राने तो हुडकता येत होता. विहिरीचे पाणी तळाला गेले तरी पंप शेवटच्या हातापर्यंत भरभरून ओततो, तसे झाले. २ जुलै १९९२ रोजी सरकारने मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार लोकांचे काम एका दिवसात गेले.

बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती. ती उठली जून २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी. आणि मंजूर झाले किती? १८ हजार टन. कोठे आठ लाख आणि कोठे अठरा हजार!

"दर्या मोठा हाय, येल परत" या म्हणण्याला यापेक्षा रोखठोक उत्तर मला माहीत नाही. अटलांटिक काही लहान समुद्र नाही. पलीकडे नॉर्वेजवळ कॉड भरपूर होता. तो पोहून आला नाही.

याच किनाऱ्यावर लॅब्राडॉरमध्ये गिल्बर्ट बे नावाची खाडी आहे. तेथे सोनेरी-तपकिरी रंगाचा कॉड राहतो. डी.एन.ए. तपासणीत तो बाहेरच्या कॉडपासून स्पष्टपणे वेगळा निघाला. २००५ साली ती खाडी संरक्षित केली गेली. तरीही मासा घटत गेला, कारण तो उन्हाळ्यात चरायला खाडीबाहेर जातो आणि बाहेर त्याला साध्या कॉडबरोबर पकडले जाई. गावाला कुंपण घातले, पण गुरे ज्या माळावर चरतात तो मोकळाच ठेवला. राखीव क्षेत्र आखणाऱ्यांनी या खाडीची हकीकत आधी वाचावी असे मला नेहमी वाटते.

आणखी एक गोष्ट. बंदीच्या आधीच्या वर्षांत तेथील कॉड लहान वयात आणि लहान आकारात अंडी घालू लागला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा बदल आनुवंशिक असावा असे दाखवले. आपण शेतात काय करतो? भरदार कणीस बियाण्याला ठेवतो आणि बारके खायला काढतो. समुद्रात उलटे चालते. मोठे नेले, बारके बियाण्याला ठेवले. पन्नास वर्षे अशी निवड केली तर पीक कसे येईल ते सांगायला शास्त्रज्ञ नको.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ साली संशोधकांनी १९०७ सालचे नॉर्वेचे आणि १९४० सालचे कॅनडाचे जपून ठेवलेले नमुने घेऊन त्यांचा मजकूर आजच्या कॉडशी ताडून पाहिला. त्यांना आनुवंशिक विविधता फारशी घटलेली आढळली नाही. म्हणजे पीक बुडाले, पण बियाण्याची कोठी रिकामी झाली नाही. साठा खाली गेला तरी त्यात कोट्यवधी मासे उरले होते, त्याचा हा फायदा. गिल्बर्ट बे सारख्या लहान खाडीतल्या माशाला अशी शिल्लक नसते.

कानातला खडा

नॉर्वेत या ज्ञानाचा रोजच्या कामात उपयोग केला गेला. तेथे दोन प्रकारचे कॉड आहेत. एक वर्षभर किनाऱ्याच्या खाड्यांत राहणारा आणि दुसरा दूर उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात वाढून हिवाळ्यात लोफोटेन बेटांजवळ अंडी घालायला येणारा. पाहुणा अमाप, घरचा थोडका. दोघे एकाच ठिकाणी जाळ्यात येतात. फरक ओळखण्याची जुनी खूण म्हणजे कानातला खडा. ढोम्याच्या डोक्यातले पांढरे खडे आपण पाहिले असतील, तसेच कॉडलाही असतात. ते कापून आतील वळी पाहिली की घरचा कोणता आणि पाहुणा कोणता हे १९३० च्या दशकापासून ओळखता येई. पुढे डी.एन.ए.ने या ओळखीला पुष्टी दिली. दोघांच्या एका गुणसूत्राचा मोठा तुकडा परस्परांच्या मानाने उलटा बसलेला आहे, आणि उलटा तुकडा जुळत नसल्याने त्यातील जनुकांची सरमिसळ होत नाही. शेजारी अंडी घालूनही दोघे वेगळे राहिले ते यामुळे.

तेथील संशोधकांनी २००७ ते २०१७ या काळात लोफोटेनजवळील एका राखीव पट्ट्यातून हंगामात मासे पकडून त्यांची जनुक तपासणी चोवीस तासांच्या आसपास पुरी करण्याची पद्धत बसवली. पाहुण्याचे प्रमाण पुरेसे जास्त असेल तर पट्टा बोटींना खुला, घरच्याचे जास्त असेल तर बंद. दुधाच्या डेअरीवर फॅट लावून दर ठरतो तितक्या सहजपणे तेथे जाळे टाकायचे की नाही ते ठरू लागले.

आपला पापलेट

आता घरी येऊ. पापलेट, म्हणजे आपला चंदेरी सरंगा, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. सातपाटीच्या पापलेटचे नाव तर लांबवर गाजलेले. पण या माशाचे शास्त्रीय नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे लिहीत होतो, हे किती जणांना माहीत आहे? पुस्तकांतून त्याला पॅम्पस अर्जेंटियस म्हणत. कोचीच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली शरीररचना आणि डी.एन.ए. दोन्ही तपासून दाखवले की, चीनच्या समुद्राकडील त्या नावाचा मासा वेगळा आणि हिंदी महासागराच्या उत्तर भागातील आपला मासा वेगळा. आपल्या माशाचे खरे नाव पॅम्पस कँडिडस. फ्रान्सच्या क्युव्हिए यांनी १८२९ सालीच ते दिले होते. मधल्या काळात ते बाजूला पडले.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. बियाण्याच्या पिशवीवर दुसऱ्याच वाणाची चिठ्ठी असेल तर काय होते ते आपण जाणता. चीनच्या माशाची वाढ, त्याचे अंडी घालण्याचे वय आणि हंगाम हे आकडे आपल्या माशाला लावले तर नियम चुकतात. किती लांबीखालचा पापलेट धरू नये, कोणत्या महिन्यात समुद्र बंद ठेवावा, हे सगळे त्या माशाच्या अंगभूत वेळापत्रकावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात सध्या १३५ मिलिमीटरपेक्षा लहान चंदेरी पापलेट पकडण्यास मनाई आहे, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हे नियम सर्वांना सरसकट आहेत. हेरिंगसारखे एखाद्या थव्याचे वेळापत्रक वेगळे असले, तर बंदीच्या बाहेर अंडी घालणारा थवा उघडाच राहतो. वसंत आणि शरदाचे हेरिंग ओळीने मांडूनही ओळखू येत नव्हते, हे विसरू नका.

दुसरी काळजी मत्स्यबीजाची. समुद्रात पिल्ले सोडून साठा वाढवावा, अशी मागणी मेळाव्यामेळाव्यांतून होते. मी तिच्या विरुद्ध नाही. पण मक्याचे बी एकाच कणसाचे धरले तर पुढे पीक कसे खुरटते ते आपण पाहिले आहे. एक मादी लाखाच्या हिशेबात अंडी देते, म्हणून बीज केंद्राला पाच-दहा माद्यांवर काम भागवण्याचा मोह होतो. मग समुद्रात सोडलेली सगळी पिल्ले एकमेकांची सख्खी भावंडे. आणि त्या माद्या दुसऱ्याच किनाऱ्यावरून आणलेल्या असल्या, तर मालदांडीच्या वावरात खरीप ज्वारी फेकल्यासारखे होईल. हापूसची बाग आपण एकाच झाडाच्या कलमांनी उभी करतो, कारण तिला खत, फवारणी आणि राखण मिळते. समुद्रातला मासा रायवळ आंब्यासारखा आहे. कोयीतून उगवलेला, प्रत्येक झाड वेगळे, म्हणून एखादे वर्ष वाईट गेले तरी काही झाडे फळतात. बीज केंद्र मागताना, माद्या किती, कोठून आणल्या आणि दरवर्षी बदलणार का, हे तीन प्रश्न जरूर विचारा.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२३ साली तारलीचा संपूर्ण जनुकीय आराखडा जाहीर केला. आपल्या मासळीच्या मजकुराचे वाचन असे सुरू झाले आहे. त्यासाठी नमुने लागतात, आणि येथे आपल्या मदतीची गरज आहे. बंदरावर संस्थेचा किंवा विद्यापीठाचा माणूस येऊन माशाच्या परावरचा नखाएवढा तुकडा मागेल. तो देण्याने मालाचा भाव उतरत नाही. नंतर तो विचारील, "कोठे सापडला, किती वाव पाण्यात?" येथे खरी अडचण आहे. जागा सांगायला तांडेल तयार होत नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही सांगितली नसती! पण तारापूरसमोरचा मासा वेंगुर्ल्यासमोरचा म्हणून लिहिला गेला, तर नमुना नसलेला परवडला. तेव्हा नेमकी जागा सांगायची नसेल तर सांगू नका, फक्त कोणत्या बंदरासमोर आणि किती खोलीवर एवढेच खरे सांगा. तेवढ्यावर आमचे काम भागते.